सेनापती आजारी आहेत

आमच्या संगमनेरात परदेशी जाऊन आलेल्या माणसाला दोनच गोष्टी विचारतात. इमारती किती उंच होत्या, आणि खायचे हाल झाले का. इमारतींचं म्हणाल तर त्या बघायला मान वर करावी लागते, आणि माझी मान काही वर्षांपासून वर होत नाही. जेवणाचं पुढं येईलच. मी कतारात तीन आठवडे राहून नीट लक्ष देऊन जर काही पाहिलं असेल तर ते अमेरिकेतलं युद्ध. तेही अडीचशे वर्षांपूर्वीचं. वाळवंटात जाऊन माणूस काय बघेल याचा नेम नाही.

माझं शिक्षण चौथी. त्यानंतर चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आणि पाटी-पेन्सिल गिऱ्हाइकांची नावं डब्यावर लिहिण्यापुरती वापरली. तेव्हा शुद्धलेखन ज्याला तपासायचं असेल त्यानं आमच्या व्याह्यांकडून तपासून घ्यावं. ते पुण्याला शाळेत इतिहास शिकवायचे. दुसऱ्याच्या चुका काढायला ते रिटायर झाल्यावरही तयार असतात.

निघताना

मुलगा संदीप तिकडं गॅसच्या कंपनीत इंजिनियर आहे. दर वर्षी या म्हणतो, मी दर वर्षी बघू म्हणतो. यंदा गिरणीचा पट्टा आणि माझा गुडघा एकाच आठवड्यात बसले, म्हणून निघालो. आमच्या मंडळींनी विमानात बसायला साफ नकार दिला. जमिनीवरून पाय सुटला की देवाला आपला पत्ता सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण अनारसे मात्र चाळीस बांधून दिले. त्यात संदीपचा फोन आला की खसखस आणू नका, तिकडं चालत नाही, पकडतात. मग मंडळींनी ते चाळीस वाटले गल्लीत आणि पुन्हा चाळीस केले, बिनखसखशीचे. खसखस नसलेला अनारसा म्हणजे मिशी काढलेला पाटील. ओळख पटते, पण बघवत नाही.

दोह्याच्या विमानतळावर एका साहेबानं डबा उघडला, एक अनारसा उचलून उजेडात धरला, मागून-पुढून बघितला आणि परत ठेवला. एवढं बारकाईनं माझ्या सुनेच्या माहेरच्यांनी मुलगासुद्धा बघितला नव्हता.

अल गराफा, पहिला दिवस

मुलाचं घर अल गराफा नावाच्या भागात आहे. एकसारखी घरं, एकसारख्या भिंती, सगळ्यांचा रंग ज्वारीच्या पिठाचा. रस्त्यावर माणूस नाही. शेजारी कोण राहतो विचारलं तर संदीप म्हणाला, त्यांची गाडी पांढरी आहे. झाली ओळख.

दार उघडलं, आत शिरलो, तर सोफ्यावर चष्मा नाकावर घेऊन पानसे सर पेपर वाचत बसलेले. हेच आमचे व्याही. सुनेचे, म्हणजे मेघनाचे वडील.

संदीपनं मला सांगितलं होतं की घरात आम्ही तिघंच. मेघनानं तिच्या वडिलांना तेच सांगितलं होतं. दोघांनाही फसवून एका छताखाली आणायचा हा बेत कुणाच्या डोक्यातला, ते मी विचारलं नाही. पोरं शिकली की असले उद्योग करतात. सर माझ्याकडं बघून उठले, पेपराची घडी घातली आणि मेघनाला म्हणाले, "पाहुणे आले वाटतं." मी संदीपला म्हटलं, "पाहुणे आधीच आलेले दिसतात." एवढं स्वागत झाल्यावर दोघं दोन खोल्यांत गेलो.

वाचणाऱ्याला कळावं म्हणून मागचं सांगतो. चौदा वर्षांपूर्वी पोरांचं लग्न ठरलं ते त्यांचं त्यांनी ठरवलं. सरांना जावई इंजिनियर चालत होता, जावयाचा बाप चौथी पास चालत नव्हता. तसं त्यांनी तोंडानं म्हटलं नाही. शिकलेली माणसं तोंडानं म्हणत नाहीत. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला व्याहीभेट असते. वधूचा बाप आणि वराचा बाप समोरासमोर येतात, हार घालतात, नारळ देतात आणि मिठी मारतात. त्या मिठीनं दोन घरं एक होतात, बाकी सगळी जेवणावळ. मी नवा फेटा बांधून उभा. सनईवाला दोनदा वाजवून थांबला. आणि सरांचा धाकटा भाऊ हार घेऊन पुढं आला. म्हणाला, दादांना ताप आहे, पडून आहेत, मला पाठवलंय.

मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. मी माझ्या धाकट्या भावाला, दत्तूला, पुढं ढकललं. म्हटलं, धाकट्याला धाकटा. दत्तूनं मिठी मारली, फोटो निघाला, आणि त्या फोटोत दोन्ही बाप नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सर कन्यादानाला बसले, ताजेतवाने, अंगाला चंदनाचा वास. एका रात्रीत उतरलेला तो ताप चौदा वर्षं माझ्या अंगात राहिला.

युद्धाची हकीगत

घरात आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, पण जेवायला एकाच टेबलावर बसत होतो. मीठ लागलं तर मी ते नातीला सांगायचो, ती आजोबांना सांगायची, मग मीठ यायचं. ईरा आमची नात, दहा वर्षांची. मला आबा म्हणते, त्यांना नाना. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मला इंग्रजी येत नाही असं तिला वाटतं. गिरणीवर बसून चाळीस वर्षं मला गिऱ्हाइकाचं पोटातलं कळायचं, तर पोरीचं ओठावरचं कळणार नाही का?

तिची शाळा अमेरिकी पद्धतीची. आमच्या पोरीला शिवरायांचे किल्ले येत नाहीत, पण अमेरिकेनं इंग्रजांविरुद्ध बंड कसं केलं ते तोंडपाठ. त्या बंडातल्या शेवटच्या मोठ्या लढाईचं नाटक त्यांचा वर्ग करणार होता. चिठ्ठ्या टाकून पात्रं वाटली, आणि ईराला इंग्रजांचा सेनापती मिळाला. ती रुसून घरी आली. कारण काय, तर सेनापती हरतो.

मग पानसे सरांची शाळा भरली, रोज जेवताना. दोन्ही सेनापतींची नावं ते घडाघडा घेतात. ती माझ्या जिभेला वळत नाहीत, आणि परक्याच्या नावासाठी या वयात मी जीभ वळवणारही नाही. मी एकाला जिंकलेला म्हणतो, दुसऱ्याला हरलेला.

जिंकलेला हा मूळचा शेतीवाडीवाला. सरांच्या सांगण्यावरून, शेवटची जिंकण्याआधी त्यानं बऱ्याच लढाया घालवल्या होत्या. फक्त हटायचा नाही. हा माणूस मला बरा वाटला. हरलेला हा खानदानी, लाटसाहेब. समुद्रकाठच्या एका गावात फौज घेऊन बसला, म्हणाला गलबतं येतील. गलबतं आली, पण फ्रेंचांची, आणि फ्रेंच जिंकलेल्याच्या बाजूचे. मागं समुद्र, पुढं तोफा. शेवटी शरण आला. शरण यायचं म्हणजे सगळ्या फौजेसमोर आपली तलवार दुसऱ्याच्या हातात द्यायची. तो सगळा मान-अपमानाचा सोहळा ठरला, फौजा रांगेत उभ्या राहिल्या, वाद्यं वाजली.

"आणि मग," सर म्हणाले, "तो आलाच नाही. प्रकृती बरी नाही असं कळवलं आणि हाताखालच्या सरदाराला तलवार घेऊन पाठवलं."

माझा घास हातात राहिला. सरांचाही आवाज जरा खाली गेला. बोलताना त्यांच्या लक्षात आलं असावं, पण इतिहासाचा मास्तर सन मधेच सोडून देत नाही. ते पुढं म्हणाले की जिंकलेल्यानंही ती तलवार स्वतः घेतली नाही, आपल्या हाताखालच्याकडं बोट दाखवलं. धाकट्यानं दिली, धाकट्यानं घेतली.

मी ईराला म्हटलं, नानांना विचार, तो खरंच आजारी होता का.

सरांनी चष्मा काढून पुसला. "याबद्दल," ते म्हणाले, "इतिहासात दुमत आहे."

दुमत. शिकलेला माणूस खोटं बोलत नाही, त्याला दुमत होतं.

त्या हरलेल्याचं पुढं काय झालं तेही ऐका. त्याच्या सरकारनं त्याला घरी बसवलं नाही, आपल्याकडं हिंदुस्थानात लाट करून धाडला. म्हैसूरच्या सुलतानाशी तो लढला तेव्हा आमच्या मराठ्यांच्या फौजा त्याच्या बाजूला होत्या. म्हणजे तिकडं परत आलेला माल इकडं खपवला, आणि आपण तो डोक्यावर घेतला.

अबू हमूर, शाळेत

ईराच्या रुसण्याचं खरं कारण मला दोन दिवसांनी कळलं. सेनापती आलाच नाही, म्हणजे शेवटच्या प्रवेशात तिला कामच नाही. "मला बरं नाही" एवढं इंग्रजीत म्हणायचं आणि पडद्यामागं जायचं. टाळ्या वाजणार त्या दुसऱ्याच पोराला, तलवार घेऊन जाणाऱ्याला. माझ्या नातीनं आजारी पडायचं नाटक करायचं, हे मला चालेना. मी संदीपला घेऊन शाळा गाठली. हिंदीत भांडायची तयारी करून गेलो होतो.

शिक्षिका निघाल्या वसईच्या, डिमेलो मिस. माझं हिंदी दोन वाक्यं ऐकून म्हणाल्या, "काका, मराठीत भांडा, मला सवय आहे." मग मी मोकळेपणानं सांगितलं की सेनापतीला शेवटी स्टेजवर आणा, तलवार पोरीच्या हातात द्या.

"तो आला नव्हता काका. मी कसा आणू?"

मी म्हटलं, नाटकात काय, आणला तर येतो.

"नाटकात येईल हो. पण जो आला नाही तो आला नाही, हेच तर पोरांनी बघायचंय." आणि हातात दोन चिठ्ठ्या ठेवल्या. प्रत्येक मुलामागं घरच्या दोन माणसांना बसायला जागा होती. ईरानं आई-बापाला वगळून दोन नावं लिहून दिली होती. आबा आणि नाना. शेजारशेजारच्या खुर्च्या. मिस म्हणाल्या, तिनं तीनदा विचारलंय, दोघं येतील ना म्हणून.

मी चिठ्ठ्या खिशात घातल्या. भांडण तिथंच खलास.

अल मन्सूरा आणि जुना बाजार

शुक्रवारी सुट्टी. संदीपनं आम्हा दोघांना गाडीत मागं बसवलं, मधे ईरा, सरहद्दीसारखी. अल मन्सूरात आपल्या लोकांची दुकानं आहेत, कढीपत्त्यापासून केरसुणीपर्यंत सगळं मिळतं. मी पिठाच्या पिशव्या हाताळल्या. पिशवीवर जात्याचं चित्र आणि आत मैद्याचा चुलतभाऊ. एक पिशवी चिमटीत घेऊन दुकानदाराला सांगायला लागलो, तर मागून सर नातीला हळूच म्हणाले, "आबांकडून शीक, हे पुस्तकात नसतं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

चहा प्यायची इथली तऱ्हा अशी की टपरीसमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवायचा, माणूस धावत येतो, चहा गाडीत. त्याला करक म्हणतात. आमच्याकडं असा हॉर्न वाजवला तर चहा येईल, पण आधी शिव्या येतील.

मग जुन्या बाजारात गेलो. तिथं ससाण्यांचा वेगळा दवाखाना आहे. पक्षी टोपी घालून नंबर लावून बसतात, आणि आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात माणसं दारात उभी असतात. असो. तिथंच कबुतरांच्या चौकात दोन म्हातारे अरब समोरासमोर आले, पांढरे झगे, दोघांच्या हातात काठ्या. दोघांनी एकमेकांच्या नाकाला नाक लावलं, एकदा, दोनदा, आणि मग बोलायला सुरुवात केली. मी बघतच राहिलो. आमच्याकडं माणूस सगळं पुढं करील, नाक नाही.

सर शेजारी उभे होते. कबुतरांकडं बघत म्हणाले, "जुनी चाल आहे म्हणतात." मीही एका कबुतराला सांगितलं की बरी चाल आहे. चौदा वर्षांतलं आमचं ते पहिलं बोलणं, आणि साक्षीला पाखरं.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. घरी येऊन जेवताना नाटकाच्या खुर्च्यांचा विषय निघाला. सर खुशीत होते. म्हणाले, "नाटक इंग्रजीत आहे. मी शेजारी बसून किसनरावांना समजेल असं सांगत जाईन." बोलले ते चांगल्या मनानंच असतील. पण किसनराव म्हणजे मी, आणि माझ्या कानाला ऐकू आलं ते चौथी पास. मी ताटातली पोळी तशीच ठेवून उठलो.

नाटकाचा दिवस

नाटक गुरुवारी सकाळी होतं. मी उठलोच नाही. मेघना चहा घेऊन आली, तिला सांगितलं चक्कर येते, तुम्ही जा. तिनं कपाळाला हात लावला आणि चहा उशाशी ठेवून गेली. बाहेर गाडी चालू झाल्याचा आवाज आला. दाराशी पावलं वाजली आणि ईरा आत आली. अंगात लाल कोट, सोनेरी बटणं, डोक्यावर तिकोनी टोपी. माझ्याकडं बघितलं. मी डोळे अर्धे मिटले. ती रडेल अशी माझी अपेक्षा होती, तिची समजूत घालायची तयारीही मी ठेवली होती.

ती म्हणाली, "आबा, धिस इज माय पार्ट."

एवढंच. आणि तिथंच उभी राहिली.

मी कुशीवर वळलो. पण भिंतीकडं तोंड केल्यावर जे आठवायचं नव्हतं तेच आठवलं. आत्तापर्यंत लिहायचं टाळत होतो ते आता लिहितो. दोन वर्षांपूर्वी सरांची बायको गेली. माझ्या सुनेची आई. संदीपनं फोन करून सांगितलं, बाबा, पुण्याला जाऊन या, मी पोचेपर्यंत कोणी तरी हवं. संगमनेरहून पुणं काही लांब नाही. मी म्हटलं गुडघा धरलाय. आणि दत्तूला पाठवलं. दत्तू जाऊन आला आणि म्हणाला, सर दारात उभे होते, मला बघून मागं बघितलं, तू आहेस का म्हणून. त्या दिवशी माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. संध्याकाळी मी मांडी घालून गिरणीच्या दगडाला टाकी लावत बसलो होतो. त्या बाईनं लग्नात माझ्या ताटात स्वतः येऊन जिलबी वाढली होती.

व्याहीभेट चुकवली तर माणूस लग्नाचा गुन्हेगार. मरणाला गेलो नाही, तो कशाचा? लग्नातला हिशेब मी मरणात चुकता केला होता, आणि वर दोन वर्षं तोंड वर करून फिरत होतो.

उठलो. धोतर नेसायला वेळ नव्हता, संदीपची पँट चढवली, ती पायात मुडपली. ईरानं टोपी सरळ केली आणि म्हणाली, "यल्ला, आबा." तिकडं चला म्हणायला सगळे यल्लाच म्हणतात.

गाडीत सर पुढं बसले होते. मागं वळून म्हणाले नाहीत, बरं वाटतंय का. मेघनानं आम्हाला शाळेत सोडलं आणि ती कामावर गेली.

नाटकाचं काय सांगू. जिंकलेला सेनापती एक गुजराती पोर होता, त्याची मिशी दुसऱ्या प्रवेशात पडली. तोफा म्हणजे पाण्याची पिंपं. आमची ईरा छान रागावली, नकाशावर मूठ आपटली, आणि शेवटी कपाळाला हात लावून म्हणाली की मला बरं नाही. लोक हसले. ती पडद्यामागं गेली. तलवारीवाला पोरगा आला, आधी फ्रेंचांकडं गेला, त्यांनी जिंकलेल्याकडं धाडला, जिंकलेल्यानं धाकट्याकडं बोट दाखवलं. टाळ्या.

आमच्या खुर्च्या कडेच्या होत्या. तिथून पडद्यामागचं थोडं दिसत होतं. सेनापती तिथं उभी होती, टाचा उंचावून, फटीतून आपलीच तलवार दुसऱ्याच्या हातात जाताना बघत. स्टेजवर काय चाललंय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सरांनीही सांगितलं नाही. ते त्याच फटीकडं बघत होते.

नाटक संपलं, लोक उठले. आम्ही बसून राहिलो. मग मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं बघत म्हटलं, "सर, विहीणबाई गेल्या तेव्हा मी आजारी नव्हतो."

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "सीमांतपूजनाला मीही नव्हतो."

"तेही ठाऊक होतं."

"तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटली होती, किसनराव. मुलीला मी बोलायला नको ते बोललो होतो तुमच्याबद्दल. आणि मग मुलगीच जिंकली."

आम्ही उभे राहिलो. दोन खुर्च्यांच्या रांगेत, समोरासमोर. हार नाही, नारळ नाही, सनई नाही. आणि आता पुढं कोण येणार? वधूचा बाप आधी की वराचा, हे मला त्या घटकेला आठवेना. सरांनाही आठवेना, मग इतिहास शिकवून उपयोग काय. दोघं लाकडासारखे उभे. ईरा लाल कोटात धावत येऊन मधेच थांबली. डिमेलो मिस स्टेजवरून बघत होत्या. तेवढ्यात दारावरचा रखवालदार, केरळचा असावा, हॉल रिकामा करायला आला आणि आमच्याकडं हात हलवून म्हणाला, "यल्ला, बाबा, यल्ला यल्ला."

दोघंही एकदम हललो. त्यांचा चष्मा माझ्या नाकाला लागला, माझी मुडपलेली पँट पायात आली, आणि पडता पडता जी मिठी बसली ती चांगली घट्ट बसली. माणूस हाडांचा राहिला होता नुसता. बायको गेल्यावर नीट जेवत नसावा. पाठीला हात लावल्यावर ते कळलं. दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

घरी आल्यावर उरलेले अनारसे काढले. सरांनी एक खाल्ला, खसखस कुठंय विचारलं, मी कायदा सांगितला, त्यांनी दुसरा घेतला. परतताना आमची दोघांची तिकिटं संदीपनं एकाच विमानाची केली. विमानात सर मला खिडकीतून खालचे देश दाखवत होते. मी मान वळत नसूनही बघत होतो.

संगमनेरात पाय ठेवला तोवर मेघनाचं सगळं फोनवर सांगून झालं होतं. मंडळींनी पायावर पाणीसुद्धा घातलं नाही, आधी विचारलं, ते सगळं कळलं, पण आधी पुढं कोण झालं, तुम्ही का सर?

मी चप्पल काढली, माठातलं पाणी प्यायलो आणि म्हटलं, याबद्दल इतिहासात दुमत आहे.